वाचकांचे प्रश्न : ‘ओ/डी ऑफ’चा दिवा आणि मांजरसुंब्याचा घाट

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी चार गिअरची एक जुनी ऑटोमॅटिक मोटार विकत घेतली. तिच्या गिअरच्या दांड्यावर बाजूला एक लहान बटण असून ते दाबले की मीटरमध्ये ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. दिवा लागलेला असला की गाडीला ताकद जास्त मिळते, असे आधीच्या मालकांनी सांगितल्यामुळे मी तो कायम लावूनच ठेवतो. महिन्यातून दोनदा अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला जाणे होते. बीडच्या पुढे सपाट रस्त्यावर इंजिन सारखे ओरडत असते आणि अ‍ॅव्हरेजही मनासारखे पडत नाही. आमचे मेहुणे म्हणतात की, चालत्या गाडीत त्या बटणाला हात लावला तर गिअरबॉक्स जाईल. यांत खरे काय मानावे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधीच्या मालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि आपल्या मेहुण्यांची भीती जवळजवळ निराधार आहे. आपल्या अ‍ॅव्हरेजचे दुखणे मात्र बहुधा त्या दिव्यातच आहे. दिवा लागला म्हणजे काहीतरी सुरू झाले, असे समजण्याची आपल्या सर्वांना सवय असते. येथे नेमके उलटे आहे. ‘ओ/डी’ म्हणजे ओव्हरड्राइव्ह. दिवा लागलेला असताना ओव्हरड्राइव्ह बंद असतो, म्हणजेच आपली गाडी गेले सहा महिने चौथा गिअर न टाकता तिसऱ्यावरच धावते आहे. हा गोंधळ होतो त्याचा दोष मी चालकाला देणार नाही. ज्याने हा दिवा असा उलटा आखला, त्याला देईन.

ओव्हरड्राइव्ह हे इंजिनाला जोडलेले एखादे वेगळे यंत्र नसून तो गिअरचाच एक प्रकार आहे. जुन्या ब्रिटिश मोटारींत मात्र ते खरोखरच गिअरबॉक्सच्या मागे बसवलेले स्वतंत्र यंत्र असे, आणि हे नाव त्या काळापासून चालत आले आहे. आपल्यासारख्या चार गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण २.८, दुसऱ्याचे १.५, तिसऱ्याचे नेमके १ आणि चौथ्याचे ०.७ च्या आसपास असते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे २.८ फेरे झाले की गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. तिसऱ्यात दोघे बरोबरीने फिरतात. आणि चौथ्यात इंजिनाच्या ०.७ फेऱ्यातच बाहेरचा दांडा पुरा एक फेरा घेतो. इंजिनापेक्षा बाहेरचा दांडा जलद फिरतो, तोच ओव्हरड्राइव्ह. याचा अर्थ चाके इंजिनापेक्षा जलद फिरतात असा मात्र नव्हे, कारण पुढे डिफरन्शियलपाशी (चाकांच्या आसाला गती देणाऱ्या दातेरी जोडणीपाशी) वेग पुन्हा साधारण तीन ते चार पटींनी कमी केलेला असतो.

फिरवणारापेक्षा फिरणारा जलद कसा होतो, हे कागदावर समजायला अवघड जाते. म्हणून गॅरेजात कामाला येणाऱ्या मुलांना मी एका निकामी गिअरबॉक्समधला प्लॅनेटरी गिअर टेबलावर ठेवून दाखवतो. मधोमध सन गिअर, त्याच्याभोवती कॅरियरवर, म्हणजे एका फिरत्या चौकटीवर, बसवलेले छोटे पिनियन (दातेरी चाके) आणि सर्वांना वेढणारा, आतल्या बाजूने दाते असलेला रिंग गिअर. हिशेबाला सोपे जावे म्हणून सन गिअरला ३०, प्रत्येक पिनियनला २० आणि रिंगला ७० दाते आहेत असे धरू. एका मुलाने सन गिअर चिमट्यात घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने कॅरियर सावकाश एक फेरा फिरवायचा आणि मी रिंगवर खडूने केलेल्या खुणेकडे तिसऱ्याने पाहायचे. कॅरियरचा एक फेरा पुरा होतो तेव्हा खडूची खूण एक फेरा संपवून वर जवळजवळ अर्ध्या फेऱ्यापर्यंत पुढे गेलेली असते. कारण असे की, पिनियन कॅरियरबरोबर पुढे जातातच, शिवाय अडवलेल्या सन गिअरवरून लोळत जाताना स्वतःभोवतीही फिरतात, आणि या दोन्ही गती रिंगला मिळतात. सत्तर अधिक तीस म्हणजे शंभर, त्याला सत्तरने भागले की १.४३, उलट बाजूने मोजले की तेच ०.७. गाडीत चिमट्याचे काम तेलाच्या दाबावर आवळला जाणारा ब्रेक किंवा क्लच करतो आणि तो केव्हा आवळायचा हे गाडीचा वेग व अ‍ॅक्सिलरेटर पाहून संगणक ठरवतो. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असली तरी तत्त्व हेच आहे.

आता आपल्या रस्त्याचे पाहू. बीड सोडून गेवराई, पाचोडच्या बाजूने सरळ रस्त्यावर आपण एका वेगाने चाललात आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात ते सुमारे २१०० फेरे घेईल. सपाटीवर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीला मुळात थोडीच ताकद लागते. ती थोडी ताकद जास्त फेऱ्यांनी काढली, तर आतल्या घर्षणात पेट्रोल वाया जाते. शिवाय थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ मिटलेली राहिल्यामुळे नुसती हवा ओढून घ्यायलाही इंजिनाला कष्ट पडतात. फेरे कमी झाले की झडप थोडी अधिक उघडते आणि हे दोन्ही खर्च घटतात. चौथ्या गिअरमध्ये बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा (तेलामार्फत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोहोचवणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लचही लागतो, दोन्ही बाजू थेट जोडल्या जातात आणि तेलातील घसरण थांबते. तेव्हा सपाटीवर दिवा विझलेलाच ठेवावा.

पण फेरे मिळवले तेथे जोर गमावला, हा व्यवहार चुकत नाही. चौथ्यात चाकांना तिसऱ्याच्या तुलनेत सुमारे तीस टक्के कमी जोर मिळतो. परतीच्या वाटेवर बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना, गाडीत सात माणसे आणि टपावर सामान असेल, तर चौथा गिअर ओढू शकत नाही म्हणून संगणक तिसरा टाकतो. वळणावर आपण पाय जरा सैल सोडला की पुन्हा चौथा, आणि लगेच पुन्हा तिसरा. या सततच्या अदलाबदलीत क्लच घासतात आणि गिअरबॉक्सचे तेल तापते. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात तर हे मुळीच परवडणारे नाही. अशा वेळी घाटाच्या पायथ्याशीच बटण दाबावे. केजच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर पुढे काढायची असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यास गाडी आपोआप खालचा गिअर घेतेच. बटण आधी दाबून ठेवले, तर तो क्षणभराचा उशीरही वाचतो.

चालत्या गाडीत बटण दाबल्याने गिअरबॉक्स जात नाही. ते त्यासाठीच हाताशी दिलेले आहे. इंजिनाचे फेरे एकदम वाढतात आणि गाडी किंचित मागे ओढल्यासारखी वाटते, इतकेच. फार वेगात असाल तर आधी वेग थोडा उतरवावा, हे मात्र बरे.

प्रश्न : घाट उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद केला तर इंजिनाचे फेरे वाढतात. मग पेट्रोल जास्त जळत नाही का? आमच्याकडे बरेच चालक उतारावर न्यूट्रल टाकतात.
— एक वाचक, कन्नड

उत्तर : जळत नाही. इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लागलेला असताना आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि फेरे पुरेसे असले, की संगणक पेट्रोल तोडतो. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे औट्रम घाट न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक पेट्रोल वाचवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो, जे तापले की धरेनासे होतात. तिसऱ्यानेही गाडी आवरत नसेल, तर दांडा ‘२’ वर घ्यावा.

प्रश्न : माझ्या नव्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गाडीत हे बटणच नाही. आणि भावाच्या जुन्या गाडीत ‘ओ/डी ऑफ’चा दिवा आपोआप उघडझाप करतो, तो का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपल्या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे, फक्त त्याचे नाव गेले. सहा गिअरच्या पेट्यांत वरच्या गिअरचे गुणोत्तर बहुधा एकाहून कमीच असते. घाटात मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागची पाती वापरून गिअर अडवावा. भावाच्या गाडीचा प्रकार वेगळा आहे. स्थिर दिव्याचा अर्थ ‘ओव्हरड्राइव्ह बंद’ असा असला, तरी अनेक गाड्यांत तोच दिवा उघडझाप करून गिअरबॉक्समधील बिघाड कळवतो. तेथे बटण दाबून पाहण्यात अर्थ नाही. तेलाची पातळी आणि वास तपासून, स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा, आणि तोवर समृद्धी महामार्गावर गाडी काढू नये.