पऱ्हाटीचा शेंडा आणि पालाश

प्रश्न : पऱ्हाटी (कपाशी) ऐंशी दिवसांची आहे, जमीन भारी काळी, उंची छातीला लागली. शेंडे खुडावेत का? गेल्या वर्षी वरची बोंडं बारीक राहून अर्धवटच उमलली. आता पोटॅश फेकावं का? — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : शेंडा जरूर खुडा, पण फक्त टोकावरचा इंच-दीड इंच. वीतभर छाटलं तर वरच्या पात्याही (फुलांच्या कळ्या) जातात. हातानं ओढू नका, साल सोलून निघते, कात्री वापरा. पानं ओली असताना हे काम नको, जखमेतून करपा शिरतो. बरड रानातल्या कंबरेखालच्या पऱ्हाटीला मात्र हात लावू नका.

गळफांद्या, म्हणजे नुसत्या वाढीच्या फांद्या, काढायची वेळ 35 ते 45 दिवसांची होती, ती गेली. आता त्यांनाही पात्या-बोंडं असतात, कापल्यात तर नुकसानच. पुढच्या हंगामासाठी ओळख नीट करून घ्या : गळफांदी बुडाजवळून निघून सरळ वर जाते. फळफांदी नागमोडी असते आणि तिच्या प्रत्येक वळणावर पानासमोर पाती दिसते. घाईत फळफांदी कापली जाते आणि दोष छाटणीला लागतो.

आता बोंडांचं. पानात तयार झालेलं अन्न बोंडापर्यंत नेण्याचं काम पालाश (म्हणजेच पोटॅश) करतं. ते कमी पडलं की धागा पोकळ राहतो, मायक्रोनेअर (धाग्याची जाडी-पक्वता सांगणारा आकडा) घसरतं, बोंड कवडी होतं, म्हणजे नीट उमलत नाही. झाडावर खूण अशी : पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग तांबूस होऊन करपतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर तो मॅग्नेशियम कमी पडल्यानं आलेला लाल्या. त्यावर पालाश फवारून उपयोग नाही.

काळ्या जमिनीत पालाश असतं, पण पावसाचा खंड पडला की मुळांना ते उचलता येत नाही. आता वरून फेकलेलं पोटॅश कोरड्या थरातच अडकेल. त्यापेक्षा 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) घेऊन सकाळी, जमिनीत ओल असताना फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. भर उन्हात, सुकलेल्या झाडावर मारलं तर पानं भाजतात.

मात्र फवारणीवर सगळी भिस्त ठेवू नका. एकरी दहा पंपांतून पाऊण किलोहूनही कमी पालाश जातं, आणि कोरडवाहू बीटी कपाशीची शिफारस एकरी 12 किलोची आहे. पुढच्या वर्षी पेरणीलाच एकरी 10:26:26 या मिश्र खताची एक बॅग (50 किलो) बियाण्यापासून दोन बोटं दूर पेरून द्या. तिच्यातून 13 किलो पालाश मिळतं, स्फुरदही (फॉस्फरस) भागतं, वेगळं पोटॅश लागत नाही.