जुना मेकॅनिकल कीबोर्ड घेताना घाण बघू नका, ओल बघा

प्रश्न: नमस्कार. माझं दिवसभर टायपिंगचं काम असतं आणि लॅपटॉपच्या चपट्या कीबोर्डचा आता कंटाळा आलाय. नवा मेकॅनिकल कीबोर्ड परवडत नाही म्हणून सेकंडहँड बघतेय. एक खूप स्वस्तात मिळतोय पण फोटोत भयंकर घाण दिसतोय, बटणांच्या मधे धूळ, केस, सगळं आहे, आणि विकणारा म्हणतो सगळं चालू आहे फक्त ई आणि एन कधीकधी डबल उमटतात. मी आजवर कुठलीच वस्तू उघडून बघितलेली नाही. घेऊ का?

उत्तर: घाण आहे म्हणून अजिबात सोडू नका. घाण दिसते म्हणूनच तो इतक्या कमीत मिळतोय, आणि धूळ, केस, बोटांचा तेलकटपणा हे सगळं एका सुट्टीच्या दिवसात निघून जातं. जे निघत नाही ते म्हणजे आत गेलेलं पाणी किंवा गोड पेय. साखर स्विचमधे (मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली असते ती दाबली जाणारी छोटी डबी) वाळली की बटण खाली जातं पण वर यायला वेळ घेतं, आणि पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, ओल राहिली तर तांब्याच्या बारीक रेषा हिरव्या-पांढऱ्या पडून खाल्ल्या जातात, ते दुरुस्त करणं नवशिक्याचं काम नाही. म्हणून विकणाऱ्याला "किती जुना आहे" यापेक्षा "यावर कधी काही सांडलं होतं का" हे सरळ विचारा. मागच्या बाजूचा जवळून फोटो मागा, स्क्रूंवर गंज असेल तर मी तरी तो कीबोर्ड घेणार नाही. दोन-चार कीकॅप (बटणांवरच्या अक्षरांच्या टोप्या) काढून खालच्या प्लेटचा, म्हणजे स्विच बसवलेल्या पत्र्याचा, फोटो पण मागा, तिथे कोरडी धूळ असेल तर उत्तम, चिकट डाग किंवा ओघळ असतील तर सोडून द्या.

मग एक व्हिडिओ मागा. कुठलंही कोरं पान उघडून प्रत्येक बटण एकेकदा दाबायचं, कॅमेरा बोटांवर आणि स्क्रीनवर दोन्हीकडे, एवढंच. शिफ्ट, कंट्रोल असली बटणं कोऱ्या पानावर दिसत नाहीत, त्यासाठी ब्राउझरमधे उघडणारे कीबोर्ड टेस्टर असतात ते वापरायला सांगा. यात काय बघायचं ते नीट समजून घ्या. कीबोर्डच्या आत बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. एखादंच बटण मेलेलं असेल तर तो एक स्विच किंवा त्याचा सोल्डरचा (वितळवून लावलेल्या धातूचा) एक सांधा खराब, म्हणजे होण्यासारखं काम. पण सात-आठ बटणं एकदम मेलेली असतील तर जाळीची एक अख्खी तार किंवा कंट्रोलर (बटणं वाचणारी चिप) गेलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ही बटणं दिसायला एका रांगेत असतीलच असं नाही, त्यामुळे "इकडची दोन तिकडची तीन बंद आहेत, किरकोळ आहे" असं कुणी म्हणालं तर ते किरकोळ समजू नका. वायर आणि यूएसबीचं पोर्ट हलवून दाखवायला सांगा, हलवल्यावर कीबोर्ड बंद-चालू होत असेल तर तेही काम वाढलं.

आता डबल अक्षराचं. याला चॅटर म्हणतात. स्विचच्या आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, टेकताना किंचित थरथरतात, ती थरथर काही मिलिसेकंदांची असते आणि कीबोर्डचं फर्मवेअर (त्याच्या चिपमधला प्रोग्राम) ती गाळून टाकतं. पट्टीवर कचरा बसला किंवा ती झिजली की थरथर लांबते आणि कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही दोनदा दाबलंत. ई आणि एन ही जास्त वापरातली अक्षरं, तिथेच हे होणं स्वाभाविक आहे. दोनच बटणं असतील तर घ्यायला हरकत नाही, पंधरा-वीस असतील तर नको.

एक गोष्ट मात्र पैसे देण्याआधी विचाराच: हॉट-स्वॅप आहे का? हॉट-स्वॅपमधे स्विच खाचेत बसवलेला असतो, चिमट्यासारख्या पुलरने ओढला की बाहेर येतो. नसेल तर प्रत्येक स्विचचे दोन पाय पीसीबीला सोल्डर केलेले असतात. तुमच्यासारख्या पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाने थोडे जास्त पैसे जाऊ देत पण हॉट-स्वॅप शोधावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मग ई खराब झाला तर स्क्रोल लॉक किंवा पॉझचा स्विच काढून तिथे लावायचा आणि खराब तिकडे ठेवायचा, दोन मिनिटांत काम झालं, ती बटणं कोण दाबतंय. स्विच बसवताना पाय सरळ आहेत ना ते बघा, वाकडा पाय आत दुमडतो आणि मग स्विच मेलाय असं वाटतं.

स्विचच्या रंगाबद्दल थोडक्यात. चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकापासून आहेत आणि गेटरॉन, कैल, औटेमू वगैरे दुसऱ्या कंपन्यांनी साधारण तेच रंग उचललेत. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा हलका, काळा तसाच पण जड, तपकिरी म्हणजे मधे एक बारीक उंचवटा लागणारा, निळा म्हणजे उंचवटा आणि वर टिक असा आवाज. बहुतेकांत बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं, त्यामुळे तळापर्यंत आपटायची गरज नसते, हे हाताला सवय झाली की कळतं. शेजारी कुणी बसत असेल तर निळा घेऊ नका, खरंच नका घेऊ. आणि हे कीबोर्ड उंच असतात, मनगट वर वाकवून टाइप कराल तर त्रास वाढेल, मागचे पाय दुमडूनच ठेवा.

आणल्यावर साफसफाई. वायर काढा. वरून सरळ एक फोटो काढा, हे विसरू नका, कारण बऱ्याच कीबोर्डवर प्रत्येक रांगेच्या कीकॅपची उंची आणि उतार वेगळा असतो. कीकॅप काढायला तारेचा पुलर घ्या, प्लॅस्टिकच्या गोल पुलरने कडांवर ओरखडे येतात. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्याखाली तार असते, ते दोन्ही बाजूंनी हळूहळू उचला. कीकॅप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून तीन-चार तास ठेवा. गरम पाणी नको, वाकतात. मऊ ब्रशने घासून, धुऊन, तोंड खाली करून फडक्यावर पसरा आणि पूर्ण २४ तास वाळू द्या. मी पहिल्या वेळी घाई केली होती, वरून कोरडे दिसले म्हणून लावले, पण आतल्या अधिक चिन्हासारख्या भोकात पाणी होतं ते थेट स्विचमधे उतरलं आणि तीन बटणं चॅटर करायला लागली. तेव्हापासून मी एक रात्र जास्तच ठेवतो.

तोपर्यंत कीबोर्ड उलटा धरून कोरड्या ब्रशने धूळ पाडा, उलटा धरूनच, नाहीतर तीच धूळ स्विचमधे जाते. मग इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून प्लेट पुसा. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएस (बऱ्याच कीकॅपांचं प्लॅस्टिक) विरघळवतं, ते जवळपासही आणू नका, आणि गंजावर मारायचे तेलकट स्प्रे पण नकोत, तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. डबल उमटणाऱ्या स्विचचा दांडा दाबून धरून आत काँटॅक्ट क्लीनरचा (विजेचे सांधे साफ करायच्या द्रवाचा) एखादा थेंब सोडा, पन्नास-साठ वेळा दाबा, वाळू द्या, मग तपासा. बऱ्याचदा एवढ्याने सुटतं, कधी महिन्याभराने परत येतं, मग स्विच बदलायचा.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे. जुना कीबोर्ड साफ केला, मस्त झाला, पण स्पेसबार दाबला की खडखड आवाज येतो आणि चकचकीत झालेली बटणं काही केल्या पूर्वीसारखी होत नाहीत. काय करू?

उत्तर: खडखड स्टॅबिलायझरच्या तारेची आहे. लांब बटण तिरकं होऊ नये म्हणून ती असते आणि जुनं ग्रीस वाळलं की वाजते. स्पेसबार काढ, तार जिथे प्लॅस्टिकमधे शिरते तिथे डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस बारीक काडीने लाव, अगदी थोडं, जास्त झालं तर बटण जड होऊन चिकटल्यासारखं वर येतं. तरी वाजत असेल तर तार बाहेर काढून सपाट काचेवर ठेवून बघ, एक टोक उचललं जात असेल तर ती वाकलीये, हाताने हलकेच सरळ कर.

चकाकीचं मात्र काही होणार नाही. ती घाण नाही, एबीएसचा पृष्ठभागच घासून गुळगुळीत झालाय. हवं तर पीबीटी नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकचे कीकॅप घे, ते खूप उशिरा चकाकतात. पण आधी खालची रांग मोजून घे, स्पेसबार ६.२५ युनिटचा (एक युनिट म्हणजे साध्या अक्षराच्या बटणाची रुंदी) आणि त्याच्या आजूबाजूची बटणं १.२५ युनिटची असतील तर बाजारातला साधा सेट बसेल, काही गेमिंग कीबोर्डांत ही मापं वेगळी असतात आणि सेट आल्यावर तीन-चार बटणं बसतच नाहीत.

प्रश्न: वडिलांच्या ऑफिसातला गोल पिनचा जुना जड कीबोर्ड मिळालाय. साधा यूएसबी अडॅप्टर लावला तर दिवेसुद्धा लागत नाहीत. मेला का?

उत्तर: बहुधा नाही. गोल पिन म्हणजे पीएस/२, यूएसबीच्या आधीची जोडणी, आणि ते छोटे अडॅप्टर फक्त तारा जोडतात, भाषांतर करत नाहीत, त्यामुळे जे कीबोर्ड मुळात पीएस/२ आणि यूएसबी अशा दोन्ही भाषा बोलतात त्यांनाच चालतात. तुम्हाला आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. आयबीएमचा मॉडेल एम असेल, म्हणजे बटण दाबल्यावर आत स्प्रिंग वाकून टक् वाजते तसला, तर जपा, १९८५ पासूनचं ते डिझाइन आहे. त्यातल्या प्लॅस्टिकच्या रिबिटी जुन्या झाल्या की तुटतात, हलवून बघा आत काही खुळखुळतंय का. आणि एखाद्या कॉम्प्युटरला गोल पोर्ट असेलच तर तिथे लावताना कॉम्प्युटर आधी बंद करा, चालू असताना काढ-घाल करण्यासाठी ते पोर्ट बनवलेलं नाही.