निरनिराळ्या देशांतील प्रोपोलिसचे रासायनिक घटक वेगळे का असतात?

दोन देशांतून आलेल्या प्रोपोलिसचा रंग आणि वास निराळा आहे, तर त्यांपैकी एक भेसळीचे असेल का, असे आपण विचारले आहे. केवळ एवढ्यावरून तसा संशय घेता येणार नाही. प्रोपोलिस मधमाशीच्या शरीरात तयार होत नाही. झाडांच्या कळ्यांवर, पानांवर आणि सालीवर पाझरणारी राळ ती मागच्या पायांवरून पोळ्यात आणते आणि तीत मेण कालवून फटी लिंपते; हेच मिश्रण म्हणजे प्रोपोलिस. त्यात ढोबळमानाने निम्मी राळ, ३० टक्के मेण, १० टक्के सुगंधी तेले आणि उरलेले परागकण वगैरे असतात. मेणात फारसा फरक नसतो. खरा फरक राळेचा.

युरोप व उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण भागांत ही राळ मुख्यतः पॉप्लर या झाडाच्या कळ्यांवरची असते, म्हणून तेथील प्रोपोलिसमध्ये पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलॅन्जिन ही फ्लॅव्होनॉइडे (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक गट) आणि कॅफेइक आम्लाची एस्टरे आढळतात. ग्रीसच्या काही भागांत सरूच्या जातीच्या झाडांमुळे डायटर्पिने या दुसऱ्याच गटातील संयुगे अधिक असतात, तर क्यूबात क्लुसिया या वनस्पतीच्या फुलांतील राळेमुळे बेंझोफिनोने हा आणखी निराळा गट. ब्राझीलचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथील हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस ड्रॅकन्क्युलिफोलिया या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांपासून बनते आणि आर्टेपिलिन-सी हे संयुग ही त्याची खूण होय. त्याच देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर मात्र मधमाश्या शिसवीच्या प्रजातीतील एका वनस्पतीचा लाल स्राव गोळा करतात आणि त्या लाल प्रोपोलिसमध्ये फॉर्मोनोनेटिनसारखी आयसोफ्लॅव्होनॉइडे असतात. तेव्हा बाटलीवर नुसते देशाचे नाव छापणे मला अपुरे वाटते.

शुद्धतेची चाचणीही यामुळेच सर्वत्र एकसारखी चालत नाही. एकूण फ्लॅव्होनॉइडांचे प्रमाण ही पॉप्लरच्या प्रोपोलिससाठी रास्त कसोटी आहे, परंतु तीच ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसला लावली, तर अस्सल मालही निकस ठरू शकतो, कारण त्याची खूण फ्लॅव्होनॉइडे नव्हे, तर आर्टेपिलिन-सी ही आहे. म्हणून विक्रेत्याला आधी राळ कोणत्या वनस्पतीची आहे ते विचारावे आणि मग प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा, हिरवे ब्राझिली म्हणून विकलेल्या मालात आर्टेपिलिन-सी नसेल, तर मात्र आपला संशय रास्त ठरेल.