दसऱ्याची पुसापुशी पुरत नाही : बंदुकीच्या सफाईबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (घाटंजी) : पीकसंरक्षणाच्या परवान्यावर १२ बोअरची दुनाळी आहे. वर्षाकाठी दोन-चार काडतुसं उडतात. दसऱ्याला पूजेआधी साफ करतो. तेवढं पुरतं का?

उत्तर : नाही. एकच काडतूस उडालं तरी दुसऱ्या दिवशीच्या आत नळी साफ व्हायला हवी. न उडवलेल्या बंदुकीला उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा तेलाचा हात पुरतो. मृगापासून दिवाळीपर्यंत मात्र दर पंधरा दिवसांनी हवा. आणि पूजेचं ओलं हळदकुंकू त्याच संध्याकाळी पुसा, त्याखाली लोखंड गंजतं.

आधी बंदूक सांध्यात मोडून (म्हणजे उघडून) काडतुसाची दोन्ही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचा लाकडी भाग काढला की नळ्या सुट्या होतात. सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारा द्रव) लावलेला ब्राँझचा ब्रश काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे आठ-दहा वेळा आरपार न्या. घराच्या पुढे नळी निमुळती होते तिथं शिसं आणि काडतुसातलं प्लास्टिक चिकटतं, तिथं जास्त घासा. दहा मिनिटांनी सुती चिंध्या फिरवा, त्या स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी तेलाचे दोन थेंब लावलेली चिंधी. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस घरातून बाहेर काढणारा भाग, त्याच्याखालची घाण विसरू नका. ती दबून बसली की बंदूक मिटत नाही, मग लोक आदळून मिटवतात आणि सांधा ढिला होतो.

रॉकेल काजळी काढतं, पण उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. खोबरेल तर नकोच. पौषातल्या जागलीच्या थंडीत ते गोठतं आणि घोडा जड पडतो.

प्रश्न (सिंदेवाही) : ठासणीच्या भरमारीला (तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीला) प्रत्येक बारानंतर तेल देतो, तरी नळी आतून गंजते.

उत्तर : तेलामुळे नव्हे, धुतली नाही म्हणून. काळ्या दारूच्या राखेतले क्षार हवेतली ओल ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. वरून तेल दिलं की गंज खाली सुरूच राहतो. इथं पाणीच लागतं, तेही त्याच दिवशी.

निपलवरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ बोंडावरची, ठिणगीची टोपी काढा. गज नळीत सोडून तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. खूण तोंडाशी जुळवल्यावर गजाचं टोक निपलच्या अलीकडेच राहिलं तर आत बार आहे. पुढे काही करू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. रिकामी असेल तर निपल काढा, नळीचं मागचं टोक कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा आणि चिंधी बांधलेला गज पंपासारखा वरखाली करा. काळं पाणी थांबलं की उकळतं पाणी ओता. नळी तापून आपसूक वाळते. लगेच पुसून तेल द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

प्रश्न (अचलपूर) : पॉइंट २२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल रेंजवर मध्येच अडकते. किती गोळ्यांनंतर साफ करावी?

उत्तर : इथं नळीपेक्षा बोल्ट, म्हणजे गोळी घरात ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग, महत्त्वाचा. गोळी सुटताना थोडा वायू मागे येतो. त्यातली काजळी आणि गोळीवरचं मेण बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात साचतं. मग उडालेल्या गोळीचं रिकामं टोपण ओढलं जात नाही किंवा नवी गोळी पूर्ण बसत नाही. रेंजवरून आलात की हा भाग ब्रशनं साफ करा. चारशे-पाचशे गोळ्यांनंतर बोल्ट उतरवून. नळी मात्र नेम पसरू लागला तरच घासा.

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग बोल्ट ओढा. उलट केलं तर बोल्ट मिटताना नवी गोळी घरात शिरते. तोंडाकडून गज घालू नका, कड झिजते आणि नेम बिघडतो. घराकडून ओढायची दोरी वापरा. तेल दोन-तीन थेंबच. जास्त झालं की काजळीचा चिखल होतो. मॅगझिन कोरडं ठेवा.

प्रश्न (आर्वी) : निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली तेव्हा नळीवर लाल ठिपके होते.

उत्तर : जमा करताना आतबाहेर जाड तेल द्या आणि चामड्याच्या म्यानात देऊ नका, चामडं ओल धरतं. वरचे ठिपके तेलात भिजवलेल्या अतिबारीक स्टील वूलनं हलक्या हातानं काढा. पॉलिश पेपरनं निळसर मुलामाच जातो. आत खड्डे दिसले तर कारागिराला दाखवा.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे नळ्या सोडवून उजेडाकडे धरून बघणं. कुंभारीण माशीला असं भोक फार आवडतं, आणि मातीचं घरटं आत राहून बार उडाला तर नळी फाटते. उडवण्याआधी कोरडी चिंधीही आरपार काढा, आतलं जादा तेल राहू देऊ नका.