साहेबांना मुलाखतीला बरोबर नेऊ नका

प्रश्न : मी चार वर्षं एका कंपनीत हिशेब विभागात आहे. काम आवडतं, पण साहेब सगळ्यांसमोर ओरडतात. महिन्याचा अहवाल मी करते आणि बैठकीत तो स्वतःचा म्हणून मांडतात. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी ‘नोकरी का सोडताय?’ विचारल्यावर खरं ते सांगितलं. ‘कळवतो’ म्हणाले, कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी शहाणपणानं ‘ग्रोथसाठी’ म्हणाले, तर समोरच्या बाई हसून म्हणाल्या, ‘म्हणजे नेमकं काय?’ मला उत्तरच सुचलं नाही. खरं बोलू की खोटं? शिवाय आधीची एक नोकरी मी सहा महिन्यांतच सोडली होती. ती बायोडेटातून काढून टाकू का?
– एक वाचक

उत्तर : त्या बाई मी नव्हते, पण मीही तसंच विचारलं असतं. बावीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून हाच प्रश्न विचारत आले. ‘ग्रोथ’ हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की तो कानावर पडला की उमेदवाराला काहीतरी लपवायचंय असं आधी वाटतं. बहुतेकदा काही लपवायचं नसतं, घरून तेवढंच पाठ करून आलेले असतात.

पण आधी माझी फजिती ऐका. टेबलाच्या अलीकडे होते तेव्हाची. मलाही हेच विचारलं आणि मी आमच्या तेव्हाच्या साहेबांचं पुराण लावलं. कोणत्या दिवशी काय बोलले, रजा कशी नाकारली, सगळं. समोरचे गृहस्थ मान डोलवत होते, म्हणून मी आणखी रंगले. मध्येच नजर खाली गेली तर त्यांच्या पेनाला टोपण लागलेलं होतं. कधी लावलं ते मला कळलंही नव्हतं. माझा एक शब्द खोटा नव्हता. पण त्या अर्ध्या तासात माझ्या साहेबांची मुलाखत झाली, माझी राहूनच गेली.

तुमच्या पहिल्या मुलाखतीत बहुधा हेच झालं. विचारणाऱ्याला तुमच्या साहेबांचा न्यायनिवाडा करायचा नसतो. त्याच्या डोक्यात असतं : ही उद्या आमच्याकडूनही अशीच निघून जाईल का? हिचं माणसांशी जमतं का? की हिला काढलंय? दुसरी बाजू त्याला ऐकायला मिळणार नसते, त्यामुळे ओरडणारे साहेब खरे की हळवी कर्मचारी खरी, हे ठरवायला त्याच्याकडे काही नसतं. मग तो धोका टाळतो.

खोटं बोलू नका, त्याची गरजही नाही. तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी आहेत. ओरडणं ही साहेबांची गोष्ट. अहवाल तुम्ही करता पण मांडायला मिळत नाही, ही कामाची गोष्ट. पहिली घरी ठेवा, दुसरी घेऊन जा. साधारण असं : ‘चार वर्षं मी महिन्याचा अहवाल तयार करते. त्या आकड्यांवर पुढे जी चर्चा होते ती माझ्या कामात येत नाही, आणि तिथे ते बदलेल असं दिसत नाही. तुमच्या जाहिरातीत अहवाल स्वतः सादर करायचा आहे असं लिहिलंय, म्हणून अर्ज केला.’ अर्थात जाहिरातीत तसं असेल तरच. नसेल तर तिथे जायचं खरं कारण शोधा. सापडलं नाही, तर मुलाखतीला तरी कशाला जायचं?

‘चर्चा माझ्या कामात येत नाही’ असं मी मुद्दाम लिहिलंय. ‘मला बैठकीला बोलावत नाहीत’ म्हणालात की तेच वाक्य रुसवा होतं.

एवढं बोलून थांबा. हे थांबणंच अवघड आहे. आम्ही मुलाखत घेणारे कधी कधी उत्तर संपल्यावरही काही बोलत नाही, नुसतं बघत राहतो. ती शांतता उमेदवाराला सोसत नाही आणि ‘खरं सांगायचं तर...’ अशी सुरुवात होते. पुढे येतं ते सगळं नको असलेलं. त्या वेळी पाण्याचा घोट घ्या. आम्हालाही ती शांतता फार वेळ झेपत नाही.

‘साहेबांशी कसं जमतं?’ असं थेट विचारलं तर ‘खूप छान’ म्हणू नका, चेहरा साथ देणार नाही. ‘आमच्या पद्धती वेगळ्या आहेत. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगितलेलं मला जास्त उपयोगी पडतं,’ एवढं पुरे. जाणत्याला कळतं. पगाराचं कारण असेल तर तेही चालतं, फक्त एकटं पाठवू नका.

सहा महिन्यांची नोकरी काढू नका. निवड झाल्यावर बऱ्याच कंपन्या जुन्या ठिकाणी विचारून हुद्दा आणि तारखा पडताळून पाहतात. नोकरी लपवलेली सापडली की हातात आलेली ऑफरही जाते. विचारलं तर एका वाक्यात खरं कारण सांगा. अर्जाच्या फॉर्ममध्ये ‘सोडण्याचं कारण’ असा रकाना असतो, तिथेही तोंडी सांगणार तेच लिहा. तो कागद समोरच्याच्या हातात असतो. आणि आत्ताच्या कंपनीला काही माहीत नसेल तर ‘ऑफर निघेपर्यंत तिथे चौकशी करू नका’ असं सरळ सांगा. याचा कुणी राग मानत नाही.

साहेबांचं ओरडणं शिवीगाळ किंवा धमकीपर्यंत गेलं असेल, तर तारखेसह लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. त्याची जागा वेगळी आहे.

आता फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करून ऐका. ‘साहेब’ म्हणताना आवाज चढत असेल तर तो शब्दच काढून टाका, वर दिलेल्या उत्तरात तो नाहीये बघा. आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री मैत्रिणीला फोन करून साहेबांचा विषय काढू नका. सकाळपर्यंत तो जिभेवरच बसून राहतो.