वाचकांचे प्रश्न : काचेच्या बुडावरची खूण

प्रश्न : निळ्या-हिरव्या ठिपक्यांची, मधूनच सोनेरी चमकणारी एक फुलदाणी मिळाली आहे. बुडावर गोल कागदी लेबल आहे. त्यावर ‘मोनार्ट ग्लास’ एवढंच वाचता येतं, बाकीचं फाटलंय. काचेवर सही नाही. मग ती अस्सल कशी मानायची?

उत्तर : सही नाही याची काळजी नको, असती तर उलट शंका आली असती. स्कॉटलंडमधल्या पर्थ इथे जॉन मॉन्क्रीफच्या कारखान्यात साल्वादोर यसार्ट आणि त्यांच्या मुलांनी १९२४ पासून ही काच घडवली. तिच्यावर नाव कोरत नसत, फक्त लेबल लावत. लेबलावर हाताने तीन गोष्टी लिहिलेल्या असत : आकाराची अक्षरं, मापाचा रोमन आकडा आणि रंगाचा क्रमांक. उरलेल्या कडेवर त्यातलं काही दिसतं का ते भिंगातून पाहा.

मात्र लेबल एका वस्तूवरून दुसरीवर सहज जातं, म्हणून आधी काच तपासायची. फुंकलेल्या भांड्याचं तोंड घडवताना बूड एका सळईला चिकटवलेलं असतं. ती तोडली की मागे जो व्रण राहतो, त्याला पॉण्टिलची खूण म्हणतात. मोनार्टमध्ये हा व्रण घासून सपाट, गुळगुळीत चकतीसारखा केलेला असतो आणि लेबल त्याच्यावर येतं. लेबल बाजूला कुठेतरी चिकटवलेलं असेल तर का, हा प्रश्न विचारायला हवा.

मग अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावा. आजच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे ते निळसर-पांढरे झगमगतात. दोन महायुद्धांमधल्या काळातला कागद मंद दिसायला हवा. इथे एक फसगत होते. कपडे धुण्याच्या साबणातही अशीच रसायनं असतात, त्या पाण्याने पुसलेलं अस्सल लेबलही उजळतं. त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

याच घराण्याच्या पुढच्या काचेशी गल्लत होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर साल्वादोर आणि त्यांचे दोन मुलगे, व्हिन्सेंट आणि ऑगस्टिन, यांनी ‘व्हासार्ट’ सुरू केलं. तिघांच्या आद्याक्षरांतून ते नाव आलं. त्या वस्तूंच्या बुडावर बऱ्याचदा ‘व्हासार्ट’ अशी सही आढळते. त्यानंतरच्या ‘स्ट्रॅथर्न’ नावाच्या काचेच्या व्रणावर उडी मारणाऱ्या सॅमन माशाचा ठसा असतो. तोच ठसा असेल तर मोनार्टचं लेबल कुणीतरी नंतर डकवलंय.

प्रश्न : साच्यात दाबून केलेल्या दुधी काचेच्या वाडग्यावर मोराच्या डोक्याचा शिक्का आणि शेजारी चौकटच्या पानासारखी खूण आहे. तिच्या वरच्या गोलात रोमन तीन, आत वरच्या कोपऱ्यात ३, उजवीकडे व्ही, खाली आर आहे. साल कोणतं?

उत्तर : मोराचं डोकं म्हणजे गेट्सहेडचा सॉवर्बी कारखाना. चौकट ही १८४२ ते १८८३ या काळातली ब्रिटिश डिझाइन नोंदणीची खूण, आणि रोमन तीन म्हणजे काचेचा वर्ग. मुख्य गोम अक्षरांच्या जागेत आहे. १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असे. १८६८ पासून वर दिवस, उजवीकडे वर्ष, खाली महिना, डावीकडे नोंदीचा क्रमांक. व्ही वर असता तर १८५० झालं असतं. तुमच्याकडे तो उजवीकडे आहे, म्हणजे १८७६. आर म्हणजे ऑगस्ट. तारीख झाली ३ ऑगस्ट १८७६.

ही नोंदणीची तारीख आहे, वाडगा त्याच साच्यातून पुढेही काढलेला असू शकतो. डावीकडचा क्रमांकही टिपून ठेवा. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या नोंदवह्यांत नोंद शोधताना तो लागतो. साचा झिजला की अक्षरं बुजतात, सी आणि जी तर हमखास एकमेकांसारखे दिसतात. त्यांतलं एक जानेवारी, दुसरं फेब्रुवारी. टॉर्च आडवा धरून वाचा.

प्रश्न : साधू छापलेलं लेबल नसलेली, व्हाइटफ्रायर्स या इंग्लिश काचकारखान्याची फुलदाणी घ्यावी का? विक्रेता म्हणतो, बुडावर कोरलेलं नावच पुरावा आहे.

उत्तर : त्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. १९८० मध्ये बंद पडलेल्या या कारखान्याच्या बहुतेक वस्तूंवर सही नसे, फक्त लेबल असे, आणि ते धुताना निघून जाई. कोरलेल्या नावाकडे दहापट भिंगातून पाहा. सुईने नंतर ओरखडलेल्या रेषेच्या कडा फुटक्या असतात, त्यांत पांढरी भुकटी दिसते. झिजेचे जुने ओरखडे अक्षरांच्या खाली गेलेले दिसले, तर नाव नंतरचं. खरी झीज बूड जिथे टेकतं तिथेच असते, वेगवेगळ्या दिशांची आणि कमीजास्त खोलीची. आतल्या खोलगट भागातही एकाच दिशेच्या रेघा असतील तर ते सँडपेपरचं काम आहे.

व्हाइटफ्रायर्सचे डिझायनर जेफ्री बॅक्स्टर यांच्या १९६७ च्या खडबडीत पोताच्या मालिकेतल्या ‘बँजो’ आणि ‘ड्रंकन ब्रिकलेअर’ या आकारांच्या नकला बाजारात फिरतात. दुसऱ्या आकाराची मापं साधारण २० आणि ३३ सेंटिमीटर. घेण्याआधी उंची मोजा, आणि टँजरीन (नारिंगी) किंवा किंगफिशर (निळा) रंग असेल तर कडेने आत पाहा : रंगाचा थर आत, बाहेर स्वच्छ पारदर्शक काच हवी.

प्रश्न : लेबल मळलंय, धुऊ का?

उत्तर : नको. आधी फोटो काढा, मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. बाकीची काच ओलसर कापडाने पुसा, बुडाला पाणी लागू देऊ नका. सुटलेली कडा सेलोटेपने दाबू नका, त्याचा गोंद कागद पिवळा करतो.