मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू का?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. हातात ६८ हजार येतात, त्यातून घरकर्जाचा हप्ता २४ हजार. मेहुण्याला कृषी सेवा केंद्रासाठी पतसंस्थेचं ८ लाखांचं कर्ज हवंय, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. 'दाजी, फक्त सही लागते,' म्हणतो. दुसरा जामीनदार त्याचा शेतकरी मित्र आहे, म्हणजे माझ्यावर निम्माच भार ना? घरातून 'सही करून टाका' असा आग्रह आहे.

उत्तर : सही करू नका. मदत करा, पण वेगळ्या वाटेने.

करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी मेहुण्याचा माल जप्त करावा आणि मगच तुमच्या दारात यावं, असं बंधन नाही. निम्म्या भाराचंही तसंच. संस्था पूर्ण रक्कम एकाकडून मागू शकते. मित्राचा वाटा मग तुम्ही त्याच्या मागे लागून काढायचा. शेतकरी आणि पगारदार यांत वसुलीवाल्यांना कोण सोयीचा, हे सांगायला नको. तुमच्या कार्यालयाचं पगार कपातीचं हमीपत्र बहुधा त्यासाठीच मागितलं जाईल.

कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश, मिळवते. मेहुण्याबरोबर तुमचंही नाव त्यात येतं. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करायचा, तरी येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. भांडायलासुद्धा चार लाख हवेत!

आता तुमचं गणित. ८ लाखांचा हप्ता साधारण १८,६०० रुपये. घरखर्च ३० हजार धरला तर तुमच्याकडे उरतात १४ हजार. तो हप्ता तुमच्यावर आला तर पहिल्याच महिन्यात घर तुटीत जाईल.

मला खरी अडचण मात्र धंद्यात दिसते. मेहुणा वाईट आहे असं मी म्हणत नाही. खतं-बियाणं जून-जुलैत उधारीवर जातं आणि पैसे सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास येतात. पाऊस बिघडला तर वहीतच राहतात. हप्ता मात्र दरमहा. अशा धंद्याला ठरावीक हप्त्यांचं मुदत कर्ज नव्हे, कॅश क्रेडिट (मंजूर मर्यादेत हवे तेव्हा पैसे काढायचं आणि भरायचं खातं) शोभतं, कारण व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. शिवाय सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत 'तरुण' नावाच्या कर्जगटात १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. तो आधी बँकेत का गेला नाही, हे मोकळेपणाने विचारा. बँकेने नकार दिला असेल तर कारण ऐकूनच घ्या. दुकानाची उधारीची वहीही एकदा चाळा. तेवढा हक्क दाजींना आहे.

बुडाले तरी झोप उडणार नाही एवढी रक्कम, समजा एक लाख, थेट खात्यात द्या. तुमचं नुकसान तिथेच थांबतं. जामिनाला असा काठ नसतो. थकलं की व्याज वाढतच जातं.

घरच्यांपुढे इलाज चालला नाही, तर कर्ज ३ लाखांवर आणा. हप्ता सात हजारांच्या आत राहील, वेळ आली तर तुम्ही ओढू शकाल. मेहुण्याने तेवढ्या रकमेचा मुदत विमा घ्यावा. कोऱ्या फॉर्मवर सही नको, आणि सही केलेल्या जामीनपत्राची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या.